चेंडू अडवणारी माणसं : अटलांटा ब्रेव्ह्जचा १९९०चा हिवाळा

आजचा विषय ऐकून काही जण पुढच्या भागावर उडी मारतील, याची मला कल्पना आहे. बेसबॉल. थांबा जरा. नियम येत नसले तरी चालेल, लागतील तेवढे मी सांगत जाईन. कारण गोष्ट खरं तर खेळाची नाहीच. हरून हरून कंटाळलेल्या एका संघानं हंगाम संपल्यावरच्या चार-पाच महिन्यांत काय विकत घेतलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय विकलं नाही, याची ही गोष्ट आहे.

संघ अटलांटा ब्रेव्ह्ज. वर्ष १९९०.

आधी हा संघ किती वाईट होता ते ऐका. मोठ्या लीगचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो. १९८८ मध्ये ब्रेव्ह्ज १०६ सामने हरले. १९८९ मध्ये ९७, १९९० मध्ये पुन्हा ९७. तिन्ही वर्षं आपल्या गटात शेवटचा नंबर. घरच्या मैदानावर वर्षाला ८१ सामने होतात. १९९० मध्ये त्या सगळ्या सामन्यांना मिळून १० लाख प्रेक्षकही आले नाहीत. पन्नास हजारांवर लोक मावतील असं स्टेडियम आणि सामन्याला सरासरी बारा हजार माणसं. आपल्याकडे रणजीच्या सामन्याला जसं एखाद्या कोपऱ्यात चार निवृत्त काका डबा उघडून बसलेले असतात ना, तसलं दृश्य.

मालक होते टेड टर्नर. हो, सीएनएनवाले. त्यांनी हा संघ १९७६ मध्ये घेतला, आणि तो काळ या खेळात मोठ्या उलथापालथीचा होता. तोपर्यंत खेळाडू एकदा एका संघाशी बांधला गेला की जवळजवळ कायमचा बांधला जायचा. संघ त्याला विकू शकायचा, पण तो स्वतःहून जाऊ शकायचा नाही. वेठबिगारीचाच प्रकार, फक्त पगार बरा. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर सायट्झ नावाच्या लवादानं अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूनं निकाल दिला आणि ती साखळी तुटली. करार संपलेला खेळाडू आता बाजारात उभा राहून आपली किंमत मागू शकत होता. यालाच ‘फ्री एजंट’ म्हणतात, आणि ‘हिवाळ्यात संघ बांधणं’ हा उद्योग आज ज्या स्वरूपात चालतो तो इथून सुरू झाला.

टर्नरनी काय केलं? त्याच मेसरस्मिथला घेतलं. त्याला १७ नंबरची जर्सी दिली आणि पाठीवर नावाच्या जागी लिहिलं ‘चॅनल’. चॅनल १७, म्हणजे टर्नरच्या टीव्ही स्टेशनची फुकट जाहिरात! लीगनं ते बंद करायला लावलं. पुढच्याच वर्षी संघ सलग सोळा सामने हरल्यावर टर्नर स्वतः गणवेश चढवून एक दिवस मॅनेजर म्हणून बाकावर जाऊन बसले. तो सामनाही हरले. डिसेंबर १९८४ मध्ये त्यांनी ब्रूस सटर हा त्या काळातला नावाजलेला पिचर सहा वर्षांच्या करारावर आणला, आणि त्याचा खांदा गेला. १९९०च्या हंगामाआधी निक एसास्की हा फटकेबाज आणला. आदल्याच वर्षी बॉस्टनकडून त्यानं तीस होम रन मारले होते. तो नऊ सामने खेळला आणि त्याला भोवळ येऊ लागली, चेंडू नीट दिसेना. त्यानंतर तो मोठ्या लीगमध्ये पुन्हा खेळलाच नाही.

याला नशीब म्हणायचं की निर्णय? सटर आणि एसास्की हे नशीब, मान्य. पण तीनही वेळा विचार एकच होता: गाजलेलं नाव आणा, लोक येतील. पंधरा वर्षांत या विचारानं काय दिलं ते वर सांगितलंच.

आता या गोष्टीतलं मला सगळ्यात आवडणारं पात्र. बॉबी कॉक्स. हा गृहस्थ १९७८ ते ८१ ब्रेव्ह्जचा मॅनेजर होता. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे मैदानावरचा प्रमुख प्रशिक्षक, आणि खेळाडू घेणं-विकणं बघतो तो जनरल मॅनेजर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९८१ मध्ये टर्नरनी कॉक्सला काढलं आणि त्याच पत्रकार परिषदेत सांगितलं की आम्हाला कॉक्ससारखाच माणूस हवा आहे, आत्ताच त्याला काढलं नसतं तर त्यालाच घेतलं असतं. असो. कॉक्स टोरांटोला गेला, तिथे नाव कमावलं आणि १९८५च्या शेवटी अटलांटाला परत आला, या वेळी जनरल मॅनेजर म्हणून.

आणि पाच वर्षं त्यानं बाहेरून बघणाऱ्याला दिसेल असं जवळजवळ काहीच केलं नाही. संघ हरत राहिला. तो मात्र तरुण पिचर गोळा करत राहिला. टॉम ग्लॅव्हिन आधीपासून संघाच्या छोट्या लीगमध्ये होता, मूळचा आइस हॉकीचाही खेळाडू. स्टीव्ह एव्हरीला १९८८ मध्ये शाळेतून बाहेर पडल्या पडल्या निवडलं. जॉन स्मोल्ट्झची गोष्ट तर झकासच. ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइटला विजेतेपदाच्या शर्यतीत एक अनुभवी पिचर हवा होता. कॉक्सनं छत्तीस वर्षांचा डॉयल अलेक्झांडर त्यांना दिला आणि बदल्यात छोट्या लीगमधला वीस वर्षांचा स्मोल्ट्झ घेतला. अलेक्झांडरनं डेट्रॉइटसाठी नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, डेट्रॉइटनं आपला गट जिंकला. त्या वर्षी कोणालाही विचारलं असतं तर कोण फसलं याचं उत्तर अटलांटा असंच आलं असतं. स्मोल्ट्झ आज हॉल ऑफ फेममध्ये आहे.

ही पोरं लगेच चमकली असं मात्र समजू नका. १९८८ मध्ये ग्लॅव्हिन सात सामने जिंकला, सतरा हरला. १९९० मध्ये एव्हरी तीन जिंकला, अकरा हरला. अशा वेळी कुठल्याही संघावर काय दबाव येतो? हे दोन-तीन तरुण देऊन टाका, बदल्यात एक तयार फटकेबाज आणा, निदान पुढच्या वर्षी तिकिटं तरी खपतील. कॉक्सनं ते केलं नाही. जून १९९० मध्ये मैदानावरच्या मॅनेजरला काढलं आणि कॉक्स स्वतः वरच्या ऑफिसातून खाली बाकावर आला. सोबत लिओ मॅझोनी हा पिचिंगचा प्रशिक्षक आणला. पिचरनं दोन सामन्यांच्या मध्ये एकदा नाही, दोनदा सराव करायचा, पण हलक्या हातानं, हे त्याचं तंत्र. ऑक्टोबरमध्ये कॉक्सच्या रिकाम्या खुर्चीत जॉन शूरहोल्झ आला. कॅन्सस सिटीचा जनरल मॅनेजर, १९८५चा विश्वविजेता संघ त्याच्या हाताखालचा. चांगलं चाललेलं सोडून तो तळाच्या संघाकडे आला.

शूरहोल्झपुढे कागदावर काय होतं ते बघू. १९९० मध्ये ब्रेव्ह्जचे पिचर दर नऊ इनिंगमागे साडेचारहून जास्त रन देत होते, लीगमधला सगळ्यात वाईट आकडा. क्षेत्ररक्षणातल्या चुका दीडशेहून जास्त, त्याही सर्वाधिक. डेव्हिड जस्टिस आणि रॉन गँट हे फटके मारणारे दोन तरुण चांगले होते. हे बघून सरळ निष्कर्ष काय निघतो? पिचर टाकाऊ आहेत, बदला.

शूरहोल्झनं उलट वाचन केलं. इथे मला थोडं क्रिकेटकडे वळू द्या, कारण हे आपल्या मराठी माणसाला पटकन कळण्यासारखं आहे. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या फिरकीबद्दल आपण किती बोलतो! पण फॉरवर्ड शॉर्ट लेगला एकनाथ सोलकर नसता तर? २७ कसोटींत ५३ झेल. १९७१ मध्ये ओव्हलला इंग्लंडचा संघ १०१ धावांत गडगडला, त्यात वेंकटच्या चेंडूवर सोलकरनं सूर मारून घेतलेला ॲलन नॉटचा झेल आठवा. गोलंदाजाला फलंदाजाच्या अंगावर जायचं धैर्य येतं कुठून? तो झेल घेतला जाईल या खात्रीतून. ती खात्री नसेल तर हाच गोलंदाज बचावात्मक टप्पा टाकू लागतो आणि मग आपण म्हणतो, याच्या फिरकीत दम नाही.

बेसबॉलमध्ये तर हे आणखी उघड आहे. ग्लॅव्हिन वेगवान नव्हता. प्लेटच्या बाहेरच्या कडेला चेंडू टाकत राहायचं, फलंदाजाला अर्धवट फटका मारायला लावायचं, चेंडू जमिनीवरून घरंगळत जाईल आणि कोणीतरी तो उचलून पहिल्या बेसकडे फेकेल, हा त्याचा सगळा व्यापार. त्या ‘कोणीतरी’ला चेंडूपर्यंत पोचताच येत नसेल तर व्यापार बुडाला. यात हिशेबाची एक गोमही आहे. क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू सुटला तर ती चूक त्याच्या नावावर लागते. पण तो चेंडूजवळ पोचलाच नाही तर फलंदाजाचा फटका यशस्वी धरतात, आणि रन चढतात पिचरच्या नावावर. म्हणजे जड पायांचा क्षेत्ररक्षक कागदावर निर्दोष आणि पोरगेला पिचर गुन्हेगार.

त्या डिसेंबरात शूरहोल्झनं जी खरेदी केली, ती बघून अटलांटाच्या चाहत्यांनी टाळ्या वाजवण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्या बेससाठी टेरी पेंडलटन, वय तीस, सेंट लुईसचा. आधीच्या हंगामात त्याची फलंदाजीची सरासरी होती .२३०, म्हणजे अगदीच सुमार, आणि होम रन सहा. त्याला चार वर्षांचे १ कोटी डॉलरच्या वर! मात्र त्याच्याकडे क्षेत्ररक्षणाची दोन गोल्ड ग्लव्ह होती. आणि १९८५च्या अंतिम मालिकेत शूरहोल्झच्या संघासमोर तिसऱ्या बेसवर हाच उभा होता. पहिल्या बेससाठी सिड ब्रीम, पिट्सबर्गहून. उजव्या गुडघ्यावर अनेक शस्त्रक्रिया झालेल्या, पळायला जवळजवळ सगळ्या लीगमध्ये संथ, पण पहिल्या बेसवर वाकडातिकडा आलेला चेंडू गोळा करण्यात पक्का. शॉर्टस्टॉपला राफाएल बेलियार्ड, तोही पिट्सबर्गचा. डोमिनिकन रिपब्लिकमधून आलेला साडेपाच फुटी माणूस. सतरा हंगामांच्या कारकिर्दीत त्यानं होम रन मारले दोन. सतरा वर्षांत दोन! त्याला फक्त चेंडू अडवण्याचा पगार होता. मग हंगाम सुरू होता होता मॉन्ट्रियलहून ओटिस निक्सन आला, वाऱ्यासारखा पळणारा.

आणि खेळाडूंइतकीच महत्त्वाची एक नेमणूक बाकी होती. शूरहोल्झनं एड मॅन्गन नावाचा मैदानाचा प्रमुख माळी आणला. अटलांटाचं मैदान फुटबॉलच्या संघाबरोबर वाटून घेतलेलं, खडबडीत, चेंडू कुठे उसळेल सांगता यायचं नाही. चांगले हात विकत आणून त्यांना दगडधोंड्यांत उभं करायचं, यात काय शहाणपण? पैसेवाल्या मालकांच्या इतिहासात मातीवर खर्च करणारे मला फार थोडे सापडले. (सोलकरचे वडील मुंबईत हिंदू जिमखान्याच्या मैदानाचे माळी होते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. मातीची पारख असलेल्या घरातून असा क्षेत्ररक्षक निघाला.)

१९९१चा हंगाम सुरू झाला. जुलैच्या मध्यापर्यंत पुन्हा तेच. जितके जिंकले जवळजवळ तितकेच हरले होते, आणि लॉस एंजेलिसच्या डॉजर्सच्या साडेनऊ सामने मागे. स्मोल्ट्झ दोन जिंकून अकरा हरला होता. इथे पुन्हा एकदा त्याला बसवण्याची, विकण्याची वेळ होती. कॉक्स दर पाचव्या दिवशी त्यालाच चेंडू देत राहिला. स्मोल्ट्झ मानसोपचाराच्या अंगानं खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या एका तज्ज्ञाकडेही जात होता. उरलेल्या हंगामात तो बारा जिंकला, दोन हरला. ग्लॅव्हिन वीस जिंकला आणि लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला. एव्हरी अठरा जिंकला, वय एकवीस. संघाचे दर नऊ इनिंगमागचे रन साडेचारवरून साडेतीनवर आले. हेच ते ‘टाकाऊ’ पिचर, बरं का. पिचर बदलले नव्हते, त्यांच्या पाठीमागची माणसं बदलली होती.

आणि पेंडलटन? ज्याला हातमोज्यासाठी आणलं होतं, त्यानं .३१९च्या सरासरीनं लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे कोणाच्याही हिशेबात नव्हतं, शूरहोल्झच्याही नसणार. इतिहास सांगताना असा बोनस दूरदृष्टीच्या खात्यात टाकण्याचा मोह होतो, तो मी टाळतो.

सप्टेंबरात निक्सन अमली पदार्थांच्या चाचणीत सापडला आणि निलंबित झाला. तरी हंगामाला एक सामना उरला असताना ब्रेव्ह्जनी गट जिंकला. ९४ विजय, ६८ पराभव. वर्षभरात २१ लाखांवर प्रेक्षक आले. ते सगळे हातानं कुऱ्हाड चालवल्यासारखा हावभाव करत गाणं म्हणायचे. मूळ अमेरिकन लोकांनी त्या ‘चॉप’विरुद्ध त्याच वर्षी अंतिम मालिकेच्या वेळी स्टेडियमबाहेर निदर्शनं केली. आनंदाच्या त्या चित्रात ही माणसंही उभी होती, आणि तो प्रश्न अजून मिटलेला नाही.

अंतिम मालिकेत समोर मिनेसोटा ट्विन्स. गंमत बघा, तेही १९९० मध्ये आपल्या गटात शेवटचे होते! त्यांनी हिवाळ्यात केलं ते थेट उलट. छत्तीसच्या आसपासचा जॅक मॉरिस हा जुना जाणता पिचर घेतला, चिली डेव्हिस हा फटकेबाज घेतला. सात सामन्यांतले पाच एका रनच्या फरकानं संपले. सातव्या सामन्यात आठव्या इनिंगला स्कोर शून्य-शून्य असताना पेंडलटननं दोन बेसचा जोरदार फटका मारला. पण पुढे धावणारा लॉनी स्मिथ मिनेसोटाच्या क्षेत्ररक्षकांच्या हुलकावणीला फसून दुसऱ्या बेसवर घुटमळला, आणि जिथून घरी यायला हवा होता तिथे तिसऱ्या बेसवरच थांबला. मग तिन्ही बेस भरलेले असताना सिड ब्रीम आला. त्याचा चेंडू थेट पहिल्या बेसवाल्याकडे गेला. तिथून घरी, घरून परत पहिल्या बेसवर, एका चेंडूवर दोन आऊट. संथ पायांची किंमत ती अशी वसूल झाली. मॉरिसनं एकट्यानं दहा इनिंग टाकल्या, ट्विन्स १-० जिंकले.

मग बरोबर कोण? त्या रात्रीपुरते ट्विन्स, निर्विवाद. मॉरिस लगेच टोरांटोला निघून गेला. ट्विन्स पुढचं एक वर्ष चांगले खेळले, आणि १९९३ ते २००० सलग आठ हंगाम त्यांचे विजयांपेक्षा पराभव जास्त होते. ब्रेव्ह्जनी १९९१ ते २००५, संपामुळे अर्धवट राहिलेलं १९९४ सोडलं तर, दर वर्षी गट जिंकला. सलग चौदा वेळा. मला विचाराल तर यातलं श्रेय शूरहोल्झपेक्षा कॉक्सला थोडं जास्त द्यायला हवं. शूरहोल्झनं भिंत बांधली. पण पाच वर्षं लोकांच्या शिव्या खात जे रोप उपटलं नाही, ते कॉक्सचं. अमेरिकेतही या गोष्टीत पहिलं नाव बहुतेक वेळा शूरहोल्झचं येतं, कारण खरेदीची बातमी होते. न विकण्याची होत नाही.

ब्रीमला मात्र आणखी एक संधी मिळाली. १४ ऑक्टोबर १९९२, पिट्सबर्गविरुद्ध, म्हणजे त्याच्या जुन्या संघाविरुद्ध, सातवा सामना, शेवटची इनिंग, ब्रेव्ह्ज ०-२ मागे. सुरुवात पुन्हा पेंडलटनच्या फटक्यानं झाली. मग पिट्सबर्गचा होझे लिंड, त्या वर्षी ज्याला गोल्ड ग्लव्ह मिळालं, त्याच्या हातून एक साधा चेंडू सुटला. थोड्याच वेळात दुसऱ्या बेसवर ब्रीम उभा होता, लीगमधले सगळ्यात खराब गुडघे घेऊन. फ्रान्सिस्को काब्रेरानं चेंडू डावीकडे मारला, बॅरी बॉन्ड्सनं तो उचलून फेकला, आणि ब्रीम धडपडत, घसरत, कॅचरचा हात लागायच्या आत पोचला. ३-२. ती घसरण आजही अटलांटात लोक एकमेकांना अभिनय करून दाखवतात.

विश्वविजेतेपद यायला १९९५ उजाडलं. तोवर पेंडलटन दुसरीकडे गेला होता, ब्रीम निवृत्त झाला होता. १९९०च्या त्या खरेदीतला एकच माणूस मैदानावर उरला होता, बेलियार्ड, तोही नेहमीचा शॉर्टस्टॉप जखमी म्हणून. त्या अंतिम मालिकेत तो सोळा वेळा फलंदाजीला आला आणि त्याला एकही फटका साधला नाही. शून्य. कॉक्सनं त्याला एकदाही वगळलं नाही. सहाव्या सामन्यात ग्लॅव्हिननं आठ इनिंगमध्ये क्लीव्हलँडला एकच फटका मारू दिला. जस्टिसच्या होम रनमुळे स्कोर १-०. नवव्या इनिंगला क्लीव्हलँडचा पहिला फलंदाज केनी लॉफ्टन, संघातला सगळ्यात धोकादायक माणूस. त्याचा चेंडू उंच उडाला आणि डावीकडे सीमारेषेबाहेर जाऊ लागला. बेलियार्ड पाठमोरा पळत सुटला, आणि त्यानं तो घेतला.

आणखी दोन आऊट बाकी होते. तेही झाले.

पुढच्या भागात भेटू, मंडळी.